आत्याच्या नखाला लागलेला ओरखडा

आत्या माझ्याकडे आली ती डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि तारीख मिळाली होती पुढच्या बुधवारची. घरात एकटीला करमेना, म्हणून दुसऱ्याच दिवशी ती माझ्याबरोबर गॅरेजात आली आणि दाराजवळच्या स्टुलावर ठाण मांडून बसली. मी चाळिशीचा माणूस, छोट्या इंजिनांचा मिस्त्री म्हणून चार लोक ओळखतात, आणि ही गिऱ्हाइकासमोर मला "ए ढब्या" म्हणून हाक मारणार. लहानपणी मी गुबगुबीत होतो, त्याची शिक्षा अजून भोगतोय.

त्या दिवशी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. नर्सरीवाल्या काकांच्या पाण्याच्या पंपाचं इंजिन तिसऱ्यांदा परत आलं होतं. बाजूच्या कव्हरातून तेल गळायचं. पहिल्यांदा मी कागदी पॅकिंग बदललं. दुसऱ्यांदा पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना ट्यूबमधलं सिलिकॉनचं सीलंट थापलं. तिसऱ्यांदा पॅकिंग काढूनच टाकलं, सीलंटचा जाड थर दिला, बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या आट्यांना लाल लॉकर लावलं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून आवळलं. दोन दिवसांत पुन्हा खाली तेलाचं थारोळं. काका बिचारे तीन हजार रोपांना झारीने पाणी घालत होते.

"सीलंट किती लावलंस?" सगळं ऐकून आत्याने विचारलं.

"भरपूर."

"तेच म्हणते मी. ट्यूब पिळल्याचा आवाज माझ्या घरापर्यंत ऐकू आला असेल."

आत्या सत्तावीस वर्षं पंपांच्या कारखान्यात जोडणीच्या लाइनवर होती. घरात आम्हाला एवढंच माहीत, की ती कुठेतरी बोल्ट आवळते. त्यापलीकडे तिला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि त्यात मीही आलोच.

"उघड ते," ती म्हणाली.

उघडणार कसं? बोल्ट हलेनात. एकाच्या डोक्याचे कोपरे गुळगुळीत व्हायला आले. मी लांब पान्याला पाइप अडकवायला निघालो, तेवढ्यात ती ओरडली, "तोडशील! लाल लावलंयस ना? मग जोर काय कामाचा? तापव त्याला."

मी हीट गन घेतली आणि एकेक बोल्ट चांगला चटका बसेपर्यंत तापवला. तेलाचा आणि जळक्या गोंदाचा वास सुटला, आणि मगाशी हटून बसलेला बोल्ट मुकाट्याने फिरला. सहाच्या सहा निघाले. कव्हर मात्र चिकटलेलंच. मी स्क्रूड्रायव्हर उचलला.

"मागच्या वेळी पण असंच उचकटलंस का?"

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तिने लाकडाचा तुकडा मागितला. तो ठेवून कडेकडेने हलके ठोके दिले तसं कव्हर सुटलं.

मी आत वाकून बघितलं. आतल्या कडेला सीलंटच्या शेपट्या लोंबत होत्या. एक तुटून खाली गेली होती आणि तेलाच्या जाळीवर जाऊन बसली होती. जाळी निम्मी बंद. अजून चार दिवस इंजिन चाललं असतं, तर तेलावाचून कायमचं बसलं असतं. गळती बरी म्हणायची अशी पाळी मीच आणली होती.

आत्याला ते धड दिसत नव्हतं. मी सांगितलं. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण ती म्हणाली, "माझा एक पंप असाच परत आला होता. धोबीखान्यात बसवलेला. साहेबांनी मलाच उघडायला लावला. आत सीलंटचा वाटाण्याएवढा गोळा, माझ्या हातचा. लाइनवरच्या सगळ्या बायका बघत होत्या. त्या दिवसापासून ट्यूबबरोबर येणारा सूचनांचा कागद मी स्टोअरमधल्या कारकुनाकडून वाचून घ्यायला लागले. एक सोडला नाही."

मग तिने बाह्या सारल्या. जाळी साफ करून घेतली आणि सगळं जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायला लावलं. कपड्याने पुसून झाल्यावर तिने इंजिनाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, डोळे मिटून, अगदी सावकाश. एका ठिकाणी नख अडलं.

"इथे ओरखडा आहे. तुझा स्क्रूड्रायव्हर."

मी बॅटरी लावून बघितलं. केसाएवढी चीर. धडधाकट डोळ्यांनी मला तीन वेळा दिसली नव्हती.

कव्हरही वाकडं झालं होतं. जोर लावून आवळल्यामुळे बोल्टांच्या भोकांजवळ धातू वर आला होता. तिने सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घेतला आणि कव्हर त्यावर आठाच्या आकड्यासारखं फिरवायला लागली. तासभर. मधूनमधून बोट फिरवून बघायची, पुन्हा घासायची. मी मागितलं तर दिलं नाही. तिच्या हातांची ती लय मी बघतच राहिलो. माझ्या गॅरेजात एवढ्या शांतपणे कधी कोणी काम केलं नव्हतं.

"आता काय काय आहे तुझ्याकडे, आण."

मी फडताळच रिकामं केलं. काळं सिलिकॉन, राखाडी सिलिकॉन, लाल लॉकर, निळं लॉकर.

"ही निळी बाटली बघ," मी म्हणालो, "नवीकोरी, आणि निम्मी रिकामी. चक्क फसवतात."

ती हसायलाच लागली. "अरे, ती मुद्दाम तशी भरतात. वारा मिळतोय तोवर ते पातळ राहतं. बोल्टाच्या आट्यात कोंडलं की वारा बंद, आणि मग घट्ट होतं. बाटली काठोकाठ भरली तर आतच दगड होईल."

वीस वर्षं मी असल्या बाटल्या वापरत होतो.

मग तिचे प्रश्न सुरू झाले. इथे तेल येतं की पेट्रोल? किती तापतं? पुन्हा उघडावं लागेल का? कंपनीने मुळात काय घातलं होतं?

"कागदी पॅकिंग," मी म्हणालो.

"मग तेच घाल. कोरडं. त्या कागदाच्या जाडीचा हिशेब धरून आतले भाग बसवलेले असतात. तू तो काढलास म्हणजे इंजिनाचं मापच बदललंस."

"आणि सीलंट?"

तिने राखाडी ट्यूबमधून बोटावर तिळाएवढा ठिपका घेतला आणि त्या चिरेत भरला. संपलं. कव्हराच्या बोल्टांना काही नाही, नुसते स्वच्छ पुसून समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत आवळले. पंपाच्या ब्रॅकेटचे दोन बोल्ट हादऱ्याने सैल व्हायचे, त्यांना निळ्याचा एकेक थेंब. सायलेन्सरच्या बोल्टांना मी तेच लावायला गेलो, तर हातावर फटका. "तिथल्या उष्णतेने मघासारखंच वितळेल की." पेट्रोलच्या तोटीला थोडं सिलिकॉन लावू का म्हटलं, तर दुसरा फटका. "पेट्रोल त्याला फुगवून सोडतं. वॉशर बदल."

मला घाई झाली होती. काकांचा फोन आलाच. आत्याने तो माझ्या हातातून घेतला. "उद्या सकाळी. नाही, आज नाही. ते वाळायला रात्र लागते. तुमच्या रोपांनी एवढी कळ काढली, अजून एक दिवस काढतील."

सकाळी मी नवं तेल भरलं, इंजिनाखाली पांढरा कागद पसरला आणि किल्ली फिरवली. अर्धा तास इंजिन चालवलं. आत्या स्टुलावर, मान किंचित वाकडी करून आवाज ऐकत. बंद केल्यावर मी कागद काढून तिच्या हातात दिला. तिने दोन्ही बाजूंनी बोटं फिरवली.

"कोरडा," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

काका इंजिन न्यायला आले. त्यांनी कव्हराभोवती हात फिरवून बघितला, बोटं पुसायला काही मागावं लागलं नाही. "अखेर जमलं म्हणायचं तुम्हाला!"

"मला नाही जमलं," मी म्हणालो. "आत्याने केलंय."

"काहीतरीच!" आत्या म्हणाली. "त्यानेच केलं सगळं. मला तर दिसतही नाही."

"खोटं बोलतेय ती," मी म्हणालो. "मी नुसता ती मागेल ते हातात देत होतो."

काका एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आत्याला हात जोडले आणि घरी पडून असलेल्या गवत कापायच्या यंत्राबद्दल विचारू लागले. मला नाही, तिला. आणि खरं सांगतो, मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. मी स्टुलाशेजारी उभा राहून ऐकत होतो. ते गेटपर्यंत पोचले, तरी ती मागून हाका मारत होती, "अहो, पन्नास तासांनी तेल बदला! आणि जाळी बघा!"