उजवी कड

भगवंतने मोटरसायकल मधल्या स्टँडवर चढवली, मागचे चाक हाताने फिरवले आणि सुगंधाला बाहेर बोलावले. कणकेने माखलेले हात तसेच घेऊन ती अंगणात आली.

"हात लाव इथं."

तिने मनगटाने टायर चाचपला. डावीकडच्या खाचा शाबूत होत्या. उजवी कड मात्र नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती.

"तू डावीकडं पाय सोडून बसतेस. तुझा भार डावीकडं, म्हणून मला गाडी उजवीकडं दाबून चालवावी लागते. हा त्याचा परिणाम."

सालवडच्या त्या भाड्याच्या खोलीत निकाल असेच लागत; आधी शिक्षा ठरे, मग तिच्या मापाचा गुन्हा शोधला जाई. तारापूरच्या वाटेवर एका गावात सुगंधा शाळेवर हंगामी शिक्षिका होती. अणुवीज केंद्राच्या बांधकामावर भगवंत स्टोअरकीपर; सकाळी तिला शाळेच्या दारात उतरवून तो पुढे जाई. त्या वेळेला एसटी नव्हती आणि मिठागरांच्या बांधावरून एकटीने पायी जाण्याची घरातून परवानगी नव्हती. बाईमाणसाने दुचाकीवर दोन्ही पाय एका अंगाला सोडून बसावे, हा नियमही तिने केलेला नव्हता. तो मोडला असता, तर टायरच्या आधी घराण्याची अब्रू झिजली असती.

"रस्ताच डावीकडं उतरता आहे," ती म्हणाली. "तुम्ही एकटे असलात तरी गाडी उजव्या कडेवरच—"

"रस्ता सरकारी इंजिनिअरांनी बांधलाय. ते चुकले आणि तू बरोबर?"

तिने पिठाचे हात पदराला न लागू देता मागे घेतले.

रविवारी दोघे पालघरला गेली. दुकानदार चंद्रभानने दोन टायर पुढे ठेवले. एक नवा, पण तो दुसऱ्या कुणी सांगून ठेवलेला. तसा हवा तर थांबावे लागणार होते. दुसरा जुना, नवे रबर चढवून आलेला, लगेच मिळणारा. भगवंतने दोन्ही वाकवून पाहिले, नखाने कोरले, नाकाशी धरून हुंगले, सांध्यावरून बोट फिरवले. सुगंधाला पाहायला आला तेव्हा त्याने एवढी चिकित्सा केली नव्हती. चहा संपायच्या आत होकार दिला होता.

"डबल सवारी असेल तर नव्यासाठी थांबा, साहेब," चंद्रभान म्हणाला.

"यापुढं मी एकटाच असेन."

"मग हा जुना मस्त चालंल. सोन्यासारखा हाय."

आपली नोकरी सुटल्याचे सुगंधाला टायरच्या दुकानात कळले.  येताना ती नेहमीसारखीच डावीकडे पाय सोडून बसली. झिजलेला टायर काढून हा बसवेपर्यंत ती मुभा होती.

पुढे दारावर लाकडाच्या मोळ्या विकायला येणारी लाडकी तिला शाळेची खबर देऊ लागली. लाडकीची मुलगी त्याच शाळेत. आधी पोरी बाईंची वाट पाहत होत्या, मग विचारेनाशा झाल्या.

"नवा मास्तर आला, बाई. छडी घेऊनच बसतो. माझी पोर आता जात नाय."

"पाठव तिला."

"तुमीच जात नाय, मंग तिला काय सांगू?"

सुगंधाने मोळी ठेवून घेतली आणि दार लोटले.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी भगवंत मागच्या चाकापाशी बराच वेळ उकिडवा बसून राहिला. ती उंबऱ्यात आली. टायर झिजला होता. डावीकडे खाचा, उजवीकडे गोटा. आतले कापड दिसू लागले होते. इतके महिने मागच्या सीटवर कोणी बसले नव्हते. भगवंतने अंगठा त्या कडेवरून दोनदा फिरवला, तिच्याकडे पाहिले, पुन्हा चाकाकडे पाहिले. हा माणूस आता काय बोलेल, याची सुगंधा वाट पाहत राहिली. तिने चौकट घट्ट धरली होती.

"तू बसायचीस तेव्हा टायर जास्त टिकला होता," तो अखेर म्हणाला. "डावीकडं भार हवाच. उद्यापासून पूर्वीसारखी मागं बसत जा."

"कुठं जायला?" तिने विचारले.

भगवंतने मान वर केली. या गोष्टीचा विचार त्याने केलेला नव्हता.