भंगारातली नावं

सकाळी सातपासून ग्लेनिस नॉस्केच्या पायाला भिंगरी लागली होती. लिलाव दहाचा, पण तिच्या घर ते रान अशा नऊ फेऱ्या केव्हाच झाल्या होत्या, आणि नवव्या फेरीला आपण काय आणायला गेलो होतो हेच विसरून ती हात हलवत परत आली. माश्या तोंडावर बसत होत्या, उत्तरेचा गरम वारा सुटला होता, आणि सावलीत टाकलेल्या खुर्चीत बसून घे म्हणून आईने तिला तीनदा सांगितलं होतं. ती बसायची, घड्याळ बघायची आणि उठायची.

घरामागच्या कापणी झालेल्या गव्हाच्या रानात सहा ओळी मांडल्या होत्या. ऑस्ट्रेलियातल्या विमेरा भागात शेतकरी म्हातारा होऊन शहराकडे निघाला की सोबत न्यायचं नाही ते सगळं असं लिलावासाठी रानात आणून मांडतो. पहिल्या दोन ओळींत ट्रॅक्टरचे सुटे भाग, तारेची भेंडोळी, मेंढ्या कातरायची यंत्रं. शेवटच्या ओळीत आईच्या रिकाम्या बरण्या, आरशाचं टेबल, पलंग, आणि ज्यात ग्लेनिस व तिचा भाऊ पाळीपाळीने झोपले तो पाळणा. साठ वर्षांचा संसार भर उन्हात उघडा पडला होता. तिला तिकडे बघवत नव्हतं, म्हणून ती घड्याळाकडे बघत होती.

तीन आठवडे रजा काढून, मेलबर्नहून येऊन तिने हे घर रिकामं केलं होतं. वडील आल्विन चौऱ्याऐंशीचे, आई मर्ल त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. जमीन कंपनीला विकून झाली होती, हॉर्शमला दोन खोल्यांचं घर घेऊन झालं होतं, चाव्या ग्लेनिसच्या पर्समध्ये होत्या. आज संध्याकाळी आईवडिलांना गाडीत घालून तिथे पोचवायचं, एवढंच राहिलं होतं. आणि तेवढंच होईल की नाही याची तिला खात्री नव्हती. आल्विन एकदाही ‘येतो’ म्हणाले नव्हते. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: “लिलाव होऊ दे. मग बघू.” मार्चमध्ये नवं घर दाखवायला नेलं तेव्हा ते गाडीतून उतरलेच नव्हते, दोन तास हॅट मांडीवर घेऊन समोर बघत बसले होते. आज ते गाडीत चढलेच नाहीत तर काय करायचं, या विचाराने तिची झोप उडाली होती. पर्थला असलेला भाऊ रोज फोन करून ‘जरा प्रेमाने समजाव’ म्हणून सांगायचा. उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जात होतं?

घर आवरलं एकवेळ, पण शेडने तिचा जीव काढला होता. आल्विन चाळीस वर्षं पंचक्रोशीतल्या प्रत्येक लिलावाला गेले आणि कुठूनही रिकाम्या हाताने परतले नाहीत. एक ना धड, भाराभर चिंध्या.

“हे कुणाचं?” तिने एकदा एक मोडकं शिवणयंत्र दाखवून विचारलं होतं.

“हॅलोरनच्या बायकोचं.”

“मग आपल्याकडे कशाला?”

“कुणी बोली लावेना. बिचारी तिथेच उभी होती. मी मान हलवली.”

अशा माना हलवून हलवून शेड छपरापर्यंत भरली होती. दुसऱ्या आठवड्यात, पारा बेचाळीसवर गेला त्या दुपारी, ग्लेनिसचं डोकं फिरलं. हाताला लागेल ते लोखंड, पत्रे, डबे तिने न बघता भंगाराच्या ढिगाकडे भिरकावले. बरं वाटलं होतं तिला. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं होतं.

दहाला लिलाव सुरू झाला. लिलाववाल्याने पहिल्यांदा भंगाराचा ढीग काढला, तो गावातल्या ब्रूनो भंगारवाल्याने घेतला, आणि मग गर्दी पहिल्या ओळीला लागली. आल्विन गर्दीच्या मागे, कुंपणाला टेकून उभे होते. चष्म्याच्या जाड भिंगांमागे त्यांच्या मनात काय चाललंय ते कळत नव्हतं. ग्लेनिस त्यांना दुरून न्याहाळत होती. इतक्यात वॉकर ढकलत एक म्हातारी तिच्यापुढे येऊन थांबली.

“ग्लेनिसच ना तू? केवढी वाळलीस गं. मी आयव्ही. पीचांची आयव्ही.”

“अय्या, आयव्हीकाकू! तुम्ही इतक्या लांबून आलात?”

“यायलाच हवं होतं. आमचं नाव कुठल्या ओळीत ठेवलंय?”

“कसलं नाव?”

“नावाचा पत्रा गं. माझ्या गॉर्डनचा. लोकरीच्या गाठीवर ठेवून काळा रंग फासला की नाव उमटायचं ना, तो. आमचा लिलाव झाला चौऱ्याण्णव साली. सगळं खपलं, तो पत्रा पडून राहिला. दुसऱ्याच्या नावाचं कुणाला काय काम? गॉर्डन पांढराफटक पडलेला. तुझ्या बाबांनी मान हलवली. तू लांब राहतेस, तुला काय माहीत? सगळ्यांचे पत्रे त्यांनीच घेतलेत. सतरा झाले असतील.” आयव्हीने दम घेतला. “वृद्धाश्रमात माझ्या खोलीच्या दारावर नुसता नंबर आहे बघ, एकोणीस. जेवायला हाक मारतात तीही एकोणीस म्हणून. मला तो पत्रा दारावर लावायचाय. बोली लावून घेईन, फुकट नको.”

ग्लेनिसला आठवलं. पत्रे. हातभर लांबीचे, अक्षरं कोरलेले, काळ्या रंगाने माखलेले पत्रे. त्या दुपारी ती ते थाळ्या फेकाव्यात तसे फेकत होती.

“तुम्ही इथे सावलीत बसा, काकू. मी आणते,” ती म्हणाली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, गुडघ्याची तक्रार विसरून, पळत सुटली.

बाबांना कळायच्या आत ते सापडायला हवे होते. कळलं तर संपलंच. सतरा घरांची नावं भंगारात टाकणाऱ्या मुलीच्या गाडीत कुठला बाप बसेल?

ब्रूनोच्या ट्रकवर अर्धा ढीग चढला होता.

“थांब! थांब जरा. यात माझं काहीतरी आहे.”

“ताई, बोली झाली. आता हे माझं आहे.”

“तुझंच आहे रे. त्यातलं माझं तेवढं दे.”

“भंगारात तुझं-माझं नसतं, म्हणून तर त्याला भंगार म्हणतात,” ब्रूनो म्हणाला. पण तोवर ती ढिगात गुडघाभर शिरली होती. तिने डबे उपसले, नळ्या ओढल्या, एका तारेने तळहात चांगलाच फाटला. पत्रे अगदी तळाशी निघाले. सगळे एकावर एक, गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधलेले. आपण तर सुटे फेकले होते, असं तिच्या मनात आलं, पण विचार करायला वेळ कुणाला होता.

“घ्या, घ्या ते,” ब्रूनो म्हणाला. “माझ्या मालावर रक्त नका सांडू.”

तिने पीचांचा पत्रा काढून आयव्हीला नेऊन दिला. म्हातारीने बोली लावायचा आग्रह धरला, मग विसरली. अक्षरांच्या कडेवरून ती बोट फिरवत राहिली आणि बोट काळं झालं ते तिने पुसलंही नाही.

बाकीचे पत्रे छातीशी धरून ग्लेनिस तिसऱ्या ओळीकडे निघाली. लिलाववाला तिथवर यायच्या आत मांडून ठेवले की झालं, कुणाला काही कळणार नव्हतं. पण ओळीच्या टोकाला आल्विन उभे होते. त्यांनी आधी तिचा हात पाहिला, मग पत्रे.

“हे का आणलंस?”

“बाबा, माझं चुकलं.” तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता, आणि तिला त्याचा रागही आला. “शेड आवरताना मीच टाकले. बघितलंच नाही काय आहे ते.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“त्याच संध्याकाळी दिसलं मला. एक इथे, एक तिथे. अठराच्या अठरा गोळा केले, शेडमध्ये नेऊन पुसले. दोन दिवस माझ्यापाशी होते. मग बांधले आणि परत ठेवून आलो.”

“भंगारात? तुम्ही स्वतः?”

“मग काय ओळीत मांडू?” आल्विन कधी नव्हे ते भराभर बोलत होते. “तो पुकारणार, हॅलोरन, हॅलोरन, आहे का कुणी? आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे राहणार. चाळीस वर्षं बघितलंय मी ते. प्रत्येक वेळी मी होतो. आज माझ्यामागे मान हलवणारा कोण आहे? त्या माणसांना दुसऱ्यांदा तसं पडून राहायला लावायचं?”

“आयव्हीकाकू आल्यात. गॉर्डनकाकांचा त्या घेऊन गेल्या.”

आल्विननी हॅट काढली.

“ते माझ्या लक्षातच आलं नाही,” ते म्हणाले. “आयव्ही आहे अजून, हे मी विसरलो. बरं झालं तू काढलेस. बाकीच्यांचं मात्र कुणी नाही. मी एकेकाचा विचार केलाय.”

“हा अठरावा आपला आहे,” ग्लेनिस म्हणाली. सगळ्यात खालचा पत्रा तिने वर काढला. ए. नॉस्के. “हा तरी ठेवू या.”

“काय करणार आहेस? मेलबर्नच्या गॅलरीत मेंढ्या पाळणार?”

“तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?”

“वाटून झालं,” आल्विन म्हणाले. “तू फेकले होतेस, पोरी. मी ठेवले. जा, आधी हात बांध, आणि ब्रूनो निघायच्या आत हे त्याला देऊन ये.”

ती हात बांधायला गेली, पण पत्रे तिने दिले नाहीत. गोठ्याच्या भिंतीआड नेऊन ठेवले आणि पुढचे चार तास ओळींच्या कडेने येरझाऱ्या घातल्या. तिला आईवडिलांचा राग येत होता, ब्रूनोचा येत होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. ती अठराव्या वर्षी इथून गेली होती. पुढची चाळीस वर्षं ‘मी सुटले बाई त्या धुळीतून’ असं सगळ्यांना सांगत होती. पण ते सांगता येत होतं कारण धूळ इथे होती, घर इथे होतं, फोन केला की आई इथेच उचलत होती. तिला हे सगळं संपायला नको होतं. इतकं साधं होतं, आणि तीन आठवडे घाईघाईत खोकी भरून तिने ते स्वतःपासून लपवलं होतं.

तीनपर्यंत रान मोकळं झालं. पलंग गेला, आरशाचं टेबल गेलं, पाळणा एक गरोदर मुलगी घेऊन गेली. बरण्यांना कुणी बोली लावली नाही. मर्लने त्या फुटबॉल क्लबच्या बायकांना देऊन टाकल्या, आणि गाडीच्या मागच्या सीटवर केकचा डबा मांडीवर घेऊन बसली. आल्विन पुढे बसले होते. पट्टासुद्धा लावला होता. कुणी विचारलं नव्हतं, कुणी समजावलं नव्हतं.

“ग्लेनिस!” मर्लने खिडकीतून हाक मारली. “तीन आठवडे चला-चला करून आमचं डोकं खाल्लंस. आम्ही बसलो, तर तू कुठे गेलीस?”

उरलंसुरलं लोखंड भरून निघायच्या बेतात असलेल्या ब्रूनोच्या ट्रकपाशी ती उभी होती. भिंतीआडचे पत्रे तिने एकेक करून वर ठेवले, आणि ठेवताना नाव वाचलं. हॅलोरन. मॅक्लिश. दोन शुल्त्झ, सख्खे भाऊ, एकमेकांशी न बोलणारे. त्यांचे तिने जरा लांब लांब ठेवले. ब्रूनोने इंजिन बंद केलं. शेवटचा पत्रा तिच्या हातात राहिला.

“तो राहू द्या तुमच्याकडे, ताई,” तो म्हणाला. “एका पत्र्याने माझं काय जातंय?”

हे तो बोलला नसता तर सोपं गेलं असतं. पत्रा हाताला गरम लागत होता. मेलबर्नच्या भिंतीवर तो छान दिसला असता, आलेल्या-गेलेल्याने कौतुक केलं असतं. आणि त्याचं तेवढंच झालं असतं. तिने तो सगळ्यांच्या वर ठेवला आणि हात काढून घेतला.

गाडीत बसल्यावर तिला किल्ली लावता येईना. डोळ्यांपुढे पाणी होतं.

“सरक,” आल्विन म्हणाले. “फाटकापर्यंत मी नेतो.”

“बाबा, तुमचं लायसन्स काढून घेतलंय दोन वर्षांपूर्वी.”

“रस्त्यावरचं. सोमवारपर्यंत जमीन माझी आहे.”

त्यांनी जागा बदलल्या. आल्विननी गाडी सावकाश काढली, खड्डे चुकवत, प्रत्येक खड्डा पाठ असल्यासारखी. फाटकाशी ते थांबले. शेजारी बसलेल्याने उतरून फाटक उघडायचं, ही इथली रीत. ग्लेनिस उतरली. साखळी काढली, फाटक ढकललं, गाडी बाहेर गेली. मग तिने फाटक लोटलं, साखळी दोनदा गुंडाळली, आकडा अडकवला, ओढून बघितलं. आत राखायला एक मेंढीही उरलेली नव्हती.

मर्ल मागच्या काचेतून बघत होती. “अगं ग्लेनिस,” ती म्हणाली, “तू आतच राहिलीस की.”

ग्लेनिसने पाहिलं. गाडी फाटकाबाहेर, आईवडील गाडीत, आणि ती साखळीच्या अलीकडे. तिने आकड्याला हात लावला आणि तो तसाच धरून ती उभी राहिली.

आल्विननी गाडी बंद केली आणि काच खाली घेतली.

“सावकाश ये,” ते म्हणाले. “आम्ही थांबतो.”