डॅशबोर्डवरचा कप्तान

समुद्रतळाचं दार काही केल्या उघडत नव्हतं आणि माझं डोकं फिरलं होतं.

हा खेळ तुम्हाला ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगते. टीव्हीवर खेळायच्या मशीनला जोडायचा एक ताटलीएवढा चौथरा असतो. त्यावर प्लास्टिकचं बाहुलं ठेवलं की तेच बाहुलं पडद्यावर जिवंत होऊन पळायला लागतं. बाहुल्याच्या बैठकीत एक चिप असते आणि खेळून कमावलेलं सगळं त्या चिपमध्ये साठतं. म्हणजे बाहुलं उचलून मैत्रिणीकडे नेलं, तरी ते आपली अक्कल बरोबर घेऊन जातं. एकदा खेळ विकून कंपनीचं पोट भरत नाही, म्हणून मग दर काही महिन्यांनी जोड-पॅक निघतात. दोन नवी बाहुली, एक नवा प्रदेश. हे पॅक घ्यावेत की घेऊ नयेत, हे लोकांना सांगणं हा माझा धंदा आहे. हसू नका. बाबा हसतात तेवढं पुरे आहे.

बाबांची ड्रायव्हिंग स्कूल आहे. एक गाडी आणि एक मास्तर, म्हणजे स्वतः बाबा. मागच्या वर्षी त्यांनी पाटी नव्याने रंगवून घेतली आणि स्कूलच्या नावाखाली ठसठशीत अक्षरांत ‘आणि कन्या’ असं लिहवून घेतलं. कन्येला न विचारता! त्यावरून घरात असं रणकंदन माजलं, की आई दोन दिवस मावशीकडे जाऊन राहिली. शेवटी तह झाला. मासिकाच्या वेबसाइटवरचं माझं खेळण्यांचं पान चालू आहे तोवर मी तिथे. पान बंद पडलं, तर मी मुकाट्याने बाबांच्या गाडीत, शिकाऊ माणसाच्या शेजारी, जादा ब्रेकवर पाय ठेवून.

आणि पान बंद पडायच्या बेतात होतं. संपादकबाई सकाळीच फोनवर म्हणाल्या होत्या, “हे बघ, चारही पॅकची परीक्षणं आज सहाला सगळीकडे येणार. जे सगळे लिहिणार तेच तूही लिहिणार असशील, तर तुझं पान हवंय कशाला? दुसऱ्या कुणाला सापडलं नाही असं काहीतरी दे. नाहीतर पुढच्या आठवड्यापासून तिथे शब्दकोडं टाकते.”

शब्दकोडं! माझ्या जागी!

ज्वालामुखीचा पॅक मी दोन ओळींत उडवला होता. लाव्हा सगळा मागच्या वर्षीचाच, नुसता रंग बदललेला. सर्कशीचा पॅक म्हणजे शुद्ध फसवणूक. बर्फाच्या पॅकमधलं अस्वल घसरतं तेव्हा हसून पुरेवाट होते, त्याला चार तारे. पण समुद्रतळाच्या पॅकवर माझा जीव जडला होता. बुडालेली जहाजं, काचेच्या माशांचे थवे, आणि सगळ्यांत खाली, शेवाळाआड, एक मोठं गोल दार. दारावर चौकटी-चौकटींची नक्षी आणि मधल्या चौकटीत नांगर. कोणतंही बाहुलं समोर नेऊन उभं केलं, की दार एकच वाक्य म्हणायचं, ‘अजून कोणीतरी यायचं आहे.’

माझ्या कपाटातलं एकूण एक बाहुलं मी त्या दारासमोर उभं करून पाहिलं होतं. इतर परीक्षकांच्या मते तो कंपनीने पुढच्या पॅकसाठी ठेवलेला बंद दरवाजा होता. मी कंपनीला लिहून विचारलं, तर त्यांच्याकडून नुसता एक हसरा चेहरा आला. त्या चेहऱ्याने माझी झोप उडवली. कोणीतरी यायचं होतं, नक्की यायचं होतं, आणि ते कोण हे मला सहाच्या आत शोधायचं होतं.

तेवढ्यात वाळलेले कपडे घेऊन आई खोलीतून चालली होती. पडद्याकडे बघून थबकली.

“अगं, हा तर आपल्या कासवाचा मागचा भाग!”

“कसलं कासव?”

“बाबांच्या गाडीतलं. त्याला तोंड रस्त्याकडे करून चिकटवलंय ना त्यांनी. मग गाडीत बसलं की मला सबंध वाटभर काय दिसतं? त्याची पाठ. हा बघ, हा नांगर. डोळे मिटूनसुद्धा काढून दाखवीन.”

माझ्या हातातला कंट्रोलर खाली पडला.

कप्तान कासव! अगदी पहिल्या खेळाच्या पहिल्या खोक्यात आलेलं. ते इतकं हळू चालायचं, की पोरांना त्याचा कंटाळा आला आणि कंपनीने ते पुढे बनवणंच बंद केलं. आम्ही मात्र त्याच्याशी खेळायचो, बाबा आणि मी, एकाच सोफ्यावर. शिकायला परगावी निघाले तेव्हा मी ते दारातच बाबांच्या हातावर ठेवलं होतं आणि म्हटलं होतं, “हळू चालवा.” पुढे ते गाडीच्या डॅशबोर्डवर गेलं. शिकाऊ लोकांनी वेग घेतला, की बाबा नुसतं त्याच्याकडे बोट दाखवतात.

मी बाल्कनीत धावले. गाडी खालीच होती. समोरच्या रस्त्यावर बाबा दातांच्या डॉक्टरांना दोन रिकाम्या पिंपांच्या मधे उलटी गाडी लावायला शिकवत होते.

“बाबा! थांबवा!”

डॉक्टरांनी करकचून ब्रेक दाबला. म्हणजे दाबायला गेल्या ब्रेक आणि दाबलं भलतंच. मागचं पिंप गडगडत रस्ताभर गेलं.

“भिंगरी!” बाबा खिडकीतून डोकं काढून माझ्या घरच्या नावाने ओरडले. “शिकाऊ माणूस गाडी चालवताना वरून ओरडायचं नसतं!”

पण मी तोवर जिना उतरत होते, हातात बटर लावायची सुरी घेऊन. गाडीचं दार उघडून मी थेट कासवावर झेपावले. बाबांनी पटकन त्याच्यावर हात ठेवला.

“काय करतेस?”

“उचकटते.”

“ते निघणार नाही. मी चिकटवलंय.”

हे खरं होतं. बाबांनी चिकटवलेली साबणाची डबी एकदा निघाली होती, ती भिंतीवरची फरशी घेऊन निघाली. कासवाची बैठक तडकली की चिप गेली, आणि चिप गेली की सगळंच संपलं. मी सुरी खाली ठेवली आणि एका दमात त्यांना सगळं सांगितलं. दार, नांगर, आईने ओळखलेली पाठ, सहाची वेळ.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. “आणि हे दार उघडलं तर?”

“तर दुसऱ्या कुणाकडे नसलेली गोष्ट माझ्याकडे असेल. पान वाचेल.”

बाकीचं बोलायची गरज नव्हती. पान वाचलं तर कन्या गाडीत येणार नव्हती, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. बाबांनी नुसतं “नाही” म्हटलं असतं तरी पुरे होतं. गाडी त्यांची, कासव त्यांचं. डॉक्टरांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी हळूच इंजिन बंद केलं.

“दारावर काय लिहिलंय म्हणालीस?”

“अजून कोणीतरी यायचं आहे.”

बाबांनी कासवाकडे पाहिलं. मग बाहेर पिंपाकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं.

“मग त्याला दाराबाहेर ताटकळत कशाला ठेवायचं? डिकीत स्क्रूड्रायव्हर आहे, आण. डॉक्टर, आजचा तास राहिला, उद्या भरून देतो.”

“छे छे, मी कुठे जातेय आता?” डॉक्टर म्हणाल्या.

कासव खाली उतरणार नव्हतं, तेव्हा चौथऱ्यालाच कासवाकडे न्यायचं ठरलं. कासवाच्या बरोबर खाली डॅशबोर्डचा कप्पा होता. बाबांनी त्याचं झाकण काढलं, आतली भिंत काढली, गेल्या कित्येक वर्षांच्या पावत्या आणि एक हरवलेला चष्मा काढून माझ्यामागोमाग खाली आलेल्या आईच्या हातात दिला. आता चौथरा आणि कासवाची बैठक यांच्या मधे फक्त एक प्लास्टिकचा पातळ पत्रा उरला. चौथरा खालून वर दाबून धरला, तर चिप वाचली जाईल. कदाचित.

आई आणि मी वरून छोटा टीव्ही आणि मशीन आणलं आणि काचेकडे तोंड करून बॉनेटवर मांडलं. वीज तळमजल्यावरच्या लाँड्रीवाल्याकडून घेतली. त्याने आपली इस्त्री काढून आम्हाला प्लग दिला आणि तोही बघायला येऊन उभा राहिला. चौथऱ्याची वायर खिडकीतून आत जेमतेम पोचली. बाबा सीटच्या पायाशी आडवे होऊन कप्प्यात खांद्यापर्यंत शिरले. डॉक्टरांनी मोबाइलचा दिवा लावून आत डोकावलं.

“आणखी वर. अजून थोडं आत. हं, आता हलू नका. दुखलं तर डावा हात वर करा.”

पडद्यावर पाटी होती, ‘बाहुलं ठेवा.’

“डावीकडे,” मी म्हणाले.

‘बाहुलं ठेवा.’

“तुझं डावं की माझं?” आतून आवाज आला.

“बाबा, पत्र्याला आतून काहीतरी चिकटलंय का?”

“फेल्ट आहे. आवाज येऊ नये म्हणून लावलं होतं.”

“चिकटवलंय?” आई आणि मी एकदमच ओरडलो.

“टाचण्यांनी लावलंय, देवाची कृपा!”

फेल्ट निघालं. बाबांनी चौथरा पुन्हा वर नेला. एक क्षण काहीच झालं नाही. मग कप्प्याच्या अंधारात हिरवा उजेड पडला आणि टीव्हीतून तो जुना आवाज आला, जहाजाच्या भोंग्याचा, जो मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. मी गाडीच्या टपावर दोन्ही हात आपटले. लाँड्रीवाल्याने टाळ्या वाजवल्या. पाण्यातून गिरक्या घेत, डोक्यावर टोपी घातलेलं कप्तान कासव अवतरलं.

टोपी? त्याला कधी टोपी नव्हती. मी घर सोडलं तेव्हा ते पाचव्या पातळीवर होतं आणि मी त्याचं नाव ‘ढम्या’ ठेवलेलं होतं. आता पाटीवर विसावी पातळी लिहिली होती. त्यापुढे पातळीच नसते. आणि कासवाच्या डोक्यावर नाव तरंगत होतं, ‘भिंगरी’.

“झालं का?” कप्प्यातून आवाज आला. “माझा हात भरून आलाय.”

“बाबा, ह्याचं नाव कुणी बदललं?”

कप्प्यातला हिरवा उजेड जरा हलला.

“ते होय,” बाबा म्हणाले. चेहरा दिसत नव्हता, नुसते दारातून बाहेर आलेले दोन पाय. “तू गेलीस आणि घर खायला उठलं. दुपारी तास नसला की खेळायचो. मला ते पोहायचं जमत नव्हतं, सारखा बुडायचो. पण सोडलं नाही. नंतर ते मशीनच बंद पडलं. मग म्हटलं, हे कपाटात कशाला, गाडीत बसू दे बरोबर.”

“मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगणार? मास्तर माणूस दुपारी बाहुल्यांशी खेळतो म्हणून?”

आईने डोळ्यांना पदर लावला. मला तर धड हसता येईना की रडता येईना. मी गाडीत शिरले, बाबांच्या हातातून चौथरा घेतला आणि वर दाबून धरला. “उठा. तुम्ही चालवा. दार तुम्हीच उघडायचं.”

बाबांनी कपडे झटकले, कंट्रोलर घेतला आणि पडदा दिसेल असे बॉनेटच्या बाजूला उभे राहिले. डॉक्टरांनी मला खालून बघता यावं म्हणून आरसा तिरका करून दिला. कासव निघालं. जहाजांच्या मधून, माशांच्या थव्यांतून, आपल्या त्या अजागळ चालीने. वळणावर बाबा पुटपुटत होते, “आरसा बघ, इशारा दे, मग वळ.” शेवाळ बाजूला झालं. दार आलं.

‘आलात? तुमचीच वाट बघत होतो,’ दार म्हणालं आणि उघडलं.

आत आमचं बंदर होतं! पहिल्या खेळातलं, जसंच्या तसं, फक्त आता पाण्याखाली. तीच दगडी पायरी, तोच वाकडा दीपस्तंभ, जिथून मी लहानपणी खेळात बाबांना शंभरदा ढकललं होतं. कासव जसजसं पुढे जाई, तसतसा एकेका होडीतला कंदील पेटत जाई. जुनं संगीत वाजत होतं. बाबा “अरे! अरे!” एवढंच म्हणत होते, आई “तिकडे बघा, तिकडे,” म्हणत त्यांची बाही ओढत होती आणि आरशात बघायच्या नादात माझे हात इतके खाली येत होते, की बंदर मधेच दिसेनासं होई आणि सगळे माझ्यावर ओरडत.

मी परीक्षण गाडीच्या मागच्या सीटवर बसून मोबाइलवरच लिहिलं. इतकं भरभर मी कधीच लिहिलं नव्हतं. समुद्रतळाला साडेचार तारे दिले. अर्धा कापला, कारण ज्यांच्याकडे कासव नाही त्यांनी काय करायचं? बंद दार बघत बसायचं? कौतुक कौतुकाच्या जागी, पण गिऱ्हाइकावर अन्याय तो अन्याय.

“अर्धा तारा दे की,” बाबा मागे वळून म्हणाले.

“नाही म्हणजे नाही.”

सहाला चार मिनिटं असताना पाठवलं. सव्वासहाला संपादकबाईंचा फोन आला. त्या हॅलो म्हणायचंसुद्धा विसरल्या. “हे दार खरं आहे? लोक वेड्यासारखे वाचतायत! शब्दकोडं गेलं खड्ड्यात, तू पान सांभाळ.”

मी किंचाळले. पुन्हा प्लग हवाय असं वाटून लाँड्रीवाल्याने परत लावलेली इस्त्री पुन्हा काढून ठेवली.

मग गाडीभोवतीची गर्दी पांगली. आई टीव्हीची वायर गुंडाळत होती. बाबा डॅशबोर्डचा कप्पा परत बसवत होते आणि मला एकदम त्यांच्याकडे बघवेना.

“बाबा, पाटी,” मी म्हणाले. “तह म्हणजे तह. उद्या रंगाऱ्याला बोलवा आणि ‘आणि कन्या’ खोडून घ्या.”

बाबांनी शेवटचा स्क्रू पिळला. रुमालाने कासवाची पाठ पुसली, नांगराच्या खाचेतली धूळसुद्धा.

“खोडायचं कशाला? पाटीवर खोटं काय आहे?” ते म्हणाले. “इतकी वर्षं भिंगरी रोज माझ्याबरोबर कामाला येतेय.”