अर्धी कात्री

"मास्तर, श्वास सोडा," व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या. खुर्चीची पाठ धरून उठबस करणारे मास्तर लालबुंद झाले होते. अर्धांगाच्या झटक्यापासून त्यांची उजवी बाजू रुसली होती. आता ती कुठे जरा वळणावर येत होती. पण दम कोंडला तर रक्तदाब चढेल आणि पुन्हा झटका यायचं भय, असं बाईंनी बजावलं.

बायकोला दुखणं नेमकं कळलं. जन्मभर शिवणकाम केलेला हा माणूस कापडाला कात्री लावताना श्वास धरायचा, तो कापून संपल्यावरच सोडायचा. जित्याची खोड ती.

बाईंनी उपाय सांगितला, "बोलत बोलत करा. बोलता येईना, की थांबायचं. तिथल्या तिथे बसायचं."

पण मास्तर बोलणार काय? घरातलं बोलणं आजवर बायकोच करत आली होती. शेवटी तिनेच सुचवलं, की गिऱ्हाइकांची मापं म्हणा. मग रोज सकाळी मास्तर उठता-बसता गावभरच्या छात्या आणि कंबरा घोकू लागले. वकीलसाहेबांची कंबर दरवर्षी कशी वाढत गेली, ते ऐकून तिची हसून पुरेवाट व्हायची. घामाघूम होऊनही नेम न चुकवणाऱ्या या माणसाचं तिला मनातून फार कौतुक वाटे.

बाईंनी कात्री धरायची परवानगी दिली त्या दिवशी मास्तर टेबलाशी उभे राहिले. मागे खुर्ची, शेजारी बायको. नातीच्या फ्रॉकचं कापड पसरलं होतं. पुन्हा कापता येईल का, एवढाच प्रश्न त्यांना इतके दिवस खात होता.

कात्री चालू लागली. "उंची... खांदा... घेर..." मास्तर पुटपुटत होते. कापडाच्या मध्यावर आवाज अडकला. ओठ मिटले, मान ताठरली. बायकोचा जीव टांगणीला लागला. कात्री अर्ध्यावर सोडतो तो शिंपीच नव्हे, हे त्यांचंच वाक्य.

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. टेबल धरून सावकाश खुर्चीत बसले आणि मोठा श्वास सोडला.

"राहिलेलं उद्या," ते म्हणाले.

काप जरासा तिरका गेला होता. बायकोने डोळे पुसले, कापड सरकू नये म्हणून त्यावर थंड इस्त्री ठेवली, आणि कात्री तिथेच, त्यांच्या हाताशी राहू दिली.