आडवा ठेवला की दिसतं

जपानमधल्या किर्यू गावात नागासावांच्या विणकामाच्या कारखान्यात किमोनोवर बांधायचा पट्टा, ओबी, मागावर अर्धाच अडकला होता. माग ठीक होता, रेशीम ठीक होतं. ज्या जुन्या कॉम्प्युटरात नक्षी होती, त्याचा पडदाच काळा पडला होता.

युकिए सासष्ट वर्षांची. नवरा गेल्यापासून एकटीच सगळं बघायची. धागा कुठे तुटला ते तिच्या बोटांना कळे, पण इथे तिची मती गुंग झाली. कॉम्प्युटरचा डबा घरघरत होता, हिरवा दिवा लागत होता आणि पडद्यावर काहीच नव्हतं. तिनं केबल काढून पुन्हा खोचली, मग नवी आणली. शेजारच्या तांदळाच्या दुकानातून दुसरा मॉनिटर मागून आणला; तोही काळाच. म्हणजे डबाच बिघडलाय असं ठरवून ती दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्यानं टेबलावर झाकण उघडून चालू केला, तर चित्र लख्ख! दोन तास तसंच. काही बिघाड नाही म्हणाला.

घरी आणला आणि पुन्हा अंधार.

आता तिला स्वतःच्याच डोक्याची शंका येऊ लागली. विजेचा दोष असेल म्हणून दुसऱ्या खोलीत लावून पाहिला. हादरे बसत असतील म्हणून दोन्ही माग बंद ठेवले. शेवटी नऊ वर्षांत न फिरवलेला नंबर तिनं फिरवला.

तोमोए तिची थोरली नणंद. नक्ष्या सगळ्या तोमोएनं याच कॉम्प्युटरवर काढलेल्या. पण प्रदर्शनात पाटी लागली ती एकट्या भावाच्या नावाची, आणि युकिए तेव्हा गप्प बसली. तोमोए आशिकागा गावाला निघून गेली. भावाच्या अंत्यविधीला आली तीही उभ्या उभ्या.

दुपारच्या गाडीनं ती आली. केबली हलवल्या, डब्याला कान लावला, तीही बुचकळ्यात पडली. मग आत बघायला डबा बंद करून आडवा पाडला, झाकण काढलं, चालू केला. चित्र आलं. उभा केला, गेलं. आडवा पाडून पुन्हा चालू केला, आलं. दुरुस्तीवाल्याच्या टेबलावरही तो आडवाच होता.

"असं का होतंय, वन्सं?"

"चित्र पाठवणारी पट्टी उभ्यानं सैल होत असेल." तोमोएनं पट्टी अंगठ्यानं दाबून बसवली, डबा उभा केला. काळा. "नाही गं बाई, मलाही कळत नाही."

डबा आडवाच ठेवून त्यांनी नक्षी उघडली. वाऱ्यानं वाकलेलं गवत, त्यात दोन लावे पक्षी.

"त्या दिवशी मी बोलायला हवं होतं," युकिए म्हणाली. "नक्षी कोणाची ते मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं म्हणून तर जास्त लागलं."

युकिएनं विचारलं, की या ओबीच्या कडेला वन्संचं नाव विणलं तर चालेल का. तोमोएनं सगळ्या नक्ष्यांची प्रत नव्या डिस्कवर उतरवून घरी नेली. जाताना म्हणाली, "गुरुवारी येते. माझं नाव जुन्या वळणाच्या अक्षरांत लिहितात, तुला एकटीला विणायला जमायचं नाही."