आडव्या फोनमधली आई

“आता सांगतो त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” ऐसपैस म्हणाला आणि त्यातल्या त्यात गळाला लागेल असं कोण आहे, ते बघू लागला. भावजी होते, पण ते पडले शहाणे. ताईकडे बघायची त्याची छाती नव्हती. राहिली मावशी. ती खुर्चीत डोळे मिटून बसली होती, म्हणजे निम्मं काम झालंच होतं.

ही वेळ त्याच्यावर का आली, ते आधी सांगायला हवं.

ऐसपैस हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. जुन्या कॅसेटींमधले व्हिडिओ मोबाइलवर पडदाभर दिसतील असे करून द्यायचं त्याचं दुकान, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो म्हणे, “चित्र कसं ऐसपैस झालं पाहिजे.” जुनं चित्र जवळजवळ चौकोनी. फोन आडवा धरला की दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरतात, आणि ते लोकांच्या डोळ्यांत सलतात. ओढूनताणून बसवावं, तर काटकुळे मामासुद्धा पैलवान दिसतात. म्हणून तो चित्र मोठं करून वरचं-खालचं कापून टाकी. पण गिऱ्हाइकाचं काम असलं की शेवटपर्यंत बघत बसे. कुणाचं डोकं उडतंय, कुणाची हनुवटी जातेय, ते बघून चित्र बोटभर वर, बोटभर खाली सरकवी. एका गृहस्थांचं टक्कल वाचवायला आपण अख्खी दुपार घालवली, असं तो छाती फुगवून सांगे. टक्कल कुणाचं, ते मात्र दर वेळी बदले.

घरच्या कॅसेटला त्याने हा मान दिला नाही. बाबा नोकरीतून निवृत्त झाले त्या दिवशीची ती कॅसेट. आई हलती-बोलती दिसेल अशी तेवढी एकच. ताई कधीची मागे लागली होती. हल्ली आई आठवायला गेलं की भिंतीवरचा फोटोच आठवतो, हसताना ती कशी दिसायची ते निसटत चाललंय, असं ती म्हणाली होती. ऐसपैसने ‘घरचंच तर आहे’ म्हणत ते काम इतर कामांसोबत मशीनला लावून दिलं, वरून-खालून सारखं कापायला सांगितलं आणि चहा प्यायला गेला. बुरशी धरलेली कॅसेट भंगारात गेली. मूळ फाइल उगाच जागा अडवत होती, तीही त्याने पुसली.

आज ताईने नवा फोन साखरेच्या डब्याला टेकवून आडवा ठेवला. पडदाभर चित्र आलं. बाबा नव्या शर्टात, काका, शेजारी, सगळे दाटीने उभे. भावजींनी वा वा केलं. मग आईचा आवाज आला, “मी येतेय ना रे त्यात?” आणि कॅमेऱ्यामागून ऐसपैसचाच, मिसरूड फुटायच्या वयातला घोगरा आवाज, “येतेस गं. छान येतेस.”

आई कुठेच नव्हती. पडद्याच्या खालच्या काठाला काळ्या-पांढऱ्या केसांची एक पट्टी तेवढी हलत होती. बाकीच्यांना ती सावली वाटली असावी. ऐसपैसची कानशिलं तापली.

ताईने पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा तो प्रश्न, पुन्हा ते ‘छान येतेस’.

“आई कुठेय रे?” तिने विचारलं. रागाने नव्हे. सांभाळायला दिलेली वस्तू परत मागावी, तशा आवाजात.

कापली असं म्हणायला त्याची जीभ रेटेना. म्हणून मग ती विश्वास न बसणारी गोष्ट सुरू झाली. चित्र चौकोनी होतं तोवर आई होती, या डोळ्यांनी पाहिली. ते रुंद झालं तशी तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, एवढी मोकळी वाट मिळालेली बघून उठली. ती कधी फोटोत शेवटपर्यंत टिकली होती? अगं थांब, असं त्याने दुकानातून ओरडून सांगितलं, तर म्हणाली, गॅसवर दूध आहे, आणि चालू लागली चौकटीबाहेर. संध्याकाळपर्यंत दुकानात करपल्या दुधाचा वास येत होता, हवं तर शेजारच्या शिंप्याला विचारा.

भावजी खो खो हसले. ताईही हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले, कारण आई होतीच तशी. ते हसू बघून ऐसपैसला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंड थांबायला तयार नव्हतं. दूध उतरवलं की परत येईल, तो म्हणाला, बघत राहा तुम्ही.

मावशीने डोळे उघडले. फोन जवळ ओढला आणि त्या केसांच्या पट्टीखाली बोट धरलं.

“त्या दिवशी तिचा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये होता,” ती म्हणाली. “म्हणून तर सगळे उभे आणि ती एकटी खुर्चीत. उठून जाईल कशी? दोघांनी उचलून बसवलं होतं तिला. एक मी होते, आणि एक तू.”