ताई गेली

नोंदणी कचेरीत सगळे तिला वंशावळबाई म्हणत, आणि तिची त्याला हरकत नव्हती. काम तेच होतं. जुन्या घराण्यांनी कधीकाळी कचेरीत भरलेली वंशावळीची पानं पिवळी पडत, घडीवर फाटत. ती ताज्या कागदावर उतरवायची, आणि कोणी विचारायला आलं तर कोण कोणाचा कोण लागतो ते शोधून सांगायचं. दोन घरांत सोयरीक झाली होती की नव्हती यावरून जिन्यातून भांडत आलेली माणसं तिच्या टेबलापाशी येऊन गप्प होत. चुलत्याचा साडू असो की आतेभावाची सून, बोटाने रेघ धरून ती बरोबर पोचायची. दिव्याखाली अंधार एवढाच, की स्वतःच्या आईच्या माहेरचं पान तिने आयुष्यात उघडलं नव्हतं.

आईला जाऊन दोन महिने झाले होते. या दोन महिन्यांत ती रडली नव्हती, आजारी पडली नव्हती, कामावर एकदाही उशिरा आली नव्हती. लोक म्हणत, धीराची आहे हो. धीर कसला डोंबलाचा! तिला काही वाटतच नव्हतं. दात काढून आल्यावर ओठ बधिर असतो, चहा प्यायला तर हनुवटीवरून ओघळतो आणि आपल्याला पत्ता नसतो, तशी ती अंगभर झाली होती. बँकेत, गॅसच्या दुकानात, विजेच्या बिलाच्या खिडकीवर ती सांगत हिंडली, "आई गेली." समोरचा माणूस जरा मान खाली घालायचा आणि मग दाखला मागायचा.

कचेरीतही तिचा एक कागद अडला होता. "जवळचे नातेवाईक" या रकान्यात इतकी वर्षं आईचं नाव होतं. हेडक्लार्क मनाने वाईट नव्हता, पण रिकामा रकाना दिसला की त्याच्या पोटात दुखायचं.

"बाई, तेवढा रकाना भरा हो. वरून विचारणा होते."

"कोणाचं नाव लिहू?"

"कोणाचंही लिहा. चुलत, मावस, आते. तुमच्याकडे काय नात्यांचा तुटवडा! अख्ख्या गावाच्या सात पिढ्या तुमच्या कपाटात कोंबल्यात."

"माझं कोणी नाही."

हेडक्लार्क हसला. त्याला तो विनोद वाटला. पण वडील ती शाळेत असतानाच वारले होते, तेही एकुलते एक. तिला भावंडं नव्हती, लग्न तिने केलं नाही, आणि आईची एकच बहीण, तीही लहानपणीच गेलेली. जगात आपलं म्हणायला कोणी उरलं नाही, हे तिला त्या रकान्याने सांगितलं, आणि तिने तेही थंडपणे ऐकून घेतलं.

रविवारी खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू वर आल्या. आईने शिवायला टाकलेले उशांचे अभ्रे त्यांच्याकडे राहिले होते. काकूंची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार, पण आईवर त्यांचा जीव होता. अभ्रे खुर्चीवर ठेवून त्या घुटमळल्या.

"एक विचारते, रागावू नकोस. मावशीला कळवलंस का?"

"कोणाच्या मावशीला?"

"कोणाच्या काय, तुझ्या. आरसेवाल्यांकडची."

"काकू, माझी मावशी लहानपणीच गेली."

"असं तुझी आई म्हणायची. गल्ली वेगळं म्हणायची. कुलपवाल्यांची थोरली आरसेवाल्यांच्या धाकट्याबरोबर निघून गेली, हे मी या घरात आले तेव्हापासून ऐकतेय. खरं-खोटं तुझी कपाटं जाणोत बाई. माझ्या कानावर आलं ते मी सांगितलं."

कुलपवाले म्हणजे आईचं माहेर. त्यांच्या कारखान्याची आणि आरसेवाल्यांच्या दुकानाची भिंत एकच. कुलपवाले दिवसभर ठोकत आणि पलीकडे भिंतीवरचे आरसे तडकत. एकाच्या धंद्यात ठोकाठोक, दुसऱ्याच्या धंद्यात काचेला श्वाससुद्धा लागू द्यायचा नाही, आणि मधे भिंत एक. अशाने कोणाचं भलं झालंय? आधी बोलाचाली झाली, मग कोर्ट झालं, शेवटी दोन घरांत विस्तव जाईना. आरसेवाले कंटाळून नदीपलीकडे निघून गेले. अशा दोन घरांत सोयरीक झाली म्हणून कोणी टेबलाशी आला असता तर वंशावळबाईने त्याला पाणी पाजून घरी पाठवला असता.

पण काकू गेल्यावर उशीला अभ्रा चढवताना तिला आईचा शब्द आठवला. "ताई वारली" असं आई कधी म्हणाली नव्हती. "मेली" म्हणाली नव्हती, "देवाघरी गेली" म्हणाली नव्हती. नुसतं "ताई गेली". लहान असताना तिने विचारलंही होतं, कशाने गेली गं? आई म्हणाली होती, "गेली ती गेली. तू भाजी नीस." माणूस मरतं तेव्हाही गेलं म्हणतात आणि दार उघडून चालतं होतं तेव्हाही गेलंच म्हणतात. जन्मभर दुसऱ्यांच्या अक्षरांवरून डोळे घासणाऱ्या या बाईला घरातला एवढा एक शब्द उलटून बघावासा वाटला नव्हता. तिने स्वतःला बजावलं, आशाबिशा काही नाही. रकान्यात घालायला एक नाव मिळालं तर हेडक्लार्कची कटकट मिटेल, बस.

सोमवारी तिने आधी आरसेवाल्यांचं पान काढलं. सगळ्या गावाला तोंड दाखवणाऱ्या या घराण्याने आपल्या सुनांना मात्र पानावर तोंड दाखवू दिलं नव्हतं. प्रत्येक मुलाच्या नावाशेजारी नुसतं "पत्नी", आणि पुढे रेघ. धाकट्या मुलाच्या नावाशेजारीही तेच. विवाहनोंदीचं त्या सालचं पुस्तक तळघरात भिजून त्याचा लगदा झाला होता. मग तिने कुलपवाल्यांच्या पानाची नक्कल काढली. आजोबा किल्लीकिल्लीला क्रमांक घालणारा माणूस, त्यांनी मुलींचीही नावं भरली होती. धाकटी, म्हणजे आई, तिच्या नावाआधी "कु." आणि थोरलीच्या नावाआधी स्वच्छ, वळणदार "कै."

झालं. कै. म्हणजे कै., त्यावर अपील नसतं. वाईट वाटतंय का, असं तिने स्वतःला विचारून पाहिलं. वाटत नव्हतं. कागद परत ठेवायला म्हणून ती उठली आणि सवयीने तळाची सही वाचली. नक्कल मोत्यादादाच्या हातची होती.

मोत्यादादा म्हणजे तिच्या आधीचा नक्कल करणारा. मोत्यासारखं अक्षर, आणि त्या अक्षराच्या लोभापायी मजकूर घासूनपुसून साफ करायची खोड. मूळ कागदावर डाग असला की हा तो गाळायचा, आणि डागाबरोबर कधीकधी माणूसही गाळायचा. मोत्यादादाची नक्कल असली की मूळ पान बघितल्याशिवाय सही करायची नाही, हा कचेरीचा शिरस्ता होता. तिने शिरस्ता पाळला.

मूळ पान तळघरातून वर यायला दुपार झाली. थोरलीच्या नावाआधी "क" होता. "क"च्या डोक्यावर दोन मात्रा होत्या. आणि त्याच "क"च्या पायाशी एक ऱ्हस्व उकार होता, ठसठशीत, न खोडलेला.

असं अक्षर कुठल्याही बाराखडीत नाही. माणूस कु. तरी असतं नाहीतर कै. तरी, दोन्ही एकदम होता येत नाही. मोत्यादादाने खालचा उकार शाईचा ओघळ समजून सोडून दिला होता. पण तो ओघळ नव्हता. "क" आणि उकार आजोबांच्या जाड टाकाचे होते, पत्र्यावर कोरल्यासारखे. वरच्या मात्रा बारीक, फिक्या शाईच्या, कोणा दुसऱ्याच्या हातच्या. आणि त्यातली एक मात्रा दुसरीच्या पाठीवर चढून बसली होती.

ती मात्रा तिने त्याच सकाळी पाहिली होती, स्वयंपाकघरातल्या डब्यावर. आई "मैदा" असाच लिहायची. लहानपणी ती आईला चिडवायची, "आई, तुझ्या मात्रा भांडतायत बघ." आई म्हणायची, "भांडत नाहीत गं. थोरलीने धाकटीला पाठुंगळी घेतलंय."

वंशावळबाई पानापुढे बसून राहिली. पान तेव्हा अजून घरीच असणार, कचेरीत भरायचं राहिलेलं, आणि आई नऊ-दहा वर्षांची असेल. थोरली घरातून गेली, आणि आजोबांना ते स्वतःच्या हाताने लिहवलं नसणार. त्यांनी धाकटीला समोर बसवलं असेल, हातात टाक दिला असेल, लिही म्हणाले असतील. आणि तिने लिहिलं. पण उकार खोडला नाही. वाण्याच्या यादीतसुद्धा चुकलेला शब्द दोनदा गिरवून खोडणारी बाई ती, ती विसरली असेल हे शक्यच नव्हतं. बहिणीला मारायला सांगितलं म्हणून तिने वरून मारली, आणि खालून जिवंत ठेवली. मग मात्र जन्मभर नदी ओलांडली नाही. कोणत्या तोंडाने ओलांडणार होती?

वंशावळबाईला आईचा राग आला. अगं, मला तरी सांगायचंस! दोन महिन्यांत काही वाटलं ते हे पहिलं, आणि तेही पान जागेवर ठेवेपर्यंत विरून गेलं.

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. संध्याकाळी ती बसने निघाली. पूल ओलांडला की तिसरा थांबा, समोरच आरसेवाल्यांचं दुकान. भिंतीभर आरसे, आणि प्रत्येकात तीच, चेहऱ्यावर काही नसलेली. पन्नाशी उलटलेला एक माणूस टेबलावर वाकून काच कापत होता.

"बोला ताई, काय दाखवू?"

"तुमच्या आईंचं माहेर कुठलं?" ती एकदम म्हणाली. विचारायची दुसरी रीत तिला सुचली नाही.

त्याने हत्यार खाली ठेवलं. "आईला माहेर नाही. म्हणजे, बाबा म्हणायचे, तुमच्या आईच्या माहेराला कुलूप आहे. आणि दोघंही हसायची. आम्ही भावंडं म्हणायचो, यात हसण्यासारखं काय आहे?" मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मी कुलपवाल्यांच्या धाकटीची मुलगी."

त्याने हात पुसले, दुकानाचं दार लोटलं आणि तिला आत घेऊन गेला.

आतल्या खोलीत खिडकीपाशी एक म्हातारी चौकटींचे जुने खिळे निवडत होती, सरळ एका वाटीत, वाकडे दुसऱ्या. मुलगा तिच्या कानाशी वाकला.

"आई, तुझ्या माहेरचं माणूस आलंय."

"थट्टा पुरे," म्हातारी म्हणाली. मग तिने वर पाहिलं, आणि हातातला चांगला सरळ खिळा वाकड्यांच्या वाटीत टाकला.

"धाकटीची तू," ती म्हणाली. "कपाळ तिचंच आहे. बस, बस अशी पुढ्यात. लबाड होती हो तुझी आई. शाळेत जाताना पाय दुखतात म्हणायची आणि माझ्या पाठुंगळी बसायची. शाळा दिसली की उतरून पळायची, मैत्रिणी हसतील म्हणून."

वंशावळबाईने नुसती मान हलवली.

"मला वाटायचं, येईल. मोठी झाली की येईल, लग्न झालं की येईल. मग म्हटलं, तिच्या घरी चालत नसेल. आपण तरी कुठे गेलो? मी कुठल्या हक्काने जाणार गं, मला तर त्यांनी..." तिने हाताने हवेत काहीतरी खोडलं. "जाऊ दे ते. कशी आहे ती?"

वंशावळबाईने तेच सांगितलं जे ती दोन महिने सगळ्या खिडक्यांवर सांगत आली होती, त्याच आवाजात.

"आई गेली."

म्हातारी पुढे झुकली आणि अगदी मनापासून तिने विचारलं, "कुठे?"

हे बँकेत कोणी विचारलं नव्हतं, गॅसवाल्याने नाही, हेडक्लार्कने नाही. ते का विचारतील? पण ही स्वतःच गेलेली होती. उभा जन्म गेलेली होती, आणि पुलापलीकडे तिसऱ्या थांब्यावर संसार करून, मुलं वाढवून, खिळे निवडत बसली होती. गेलेलं माणूस कुठेतरी असतंच, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

वंशावळबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि आतून भलताच आवाज आला. बधिर ओठात रक्त परत यावं आणि ठणका लागावा तसं तिला एकदम सगळीकडे दुखायला लागलं. ती मावशीच्या गुडघ्यावर डोकं टेकून मोठमोठ्याने, लाजलज्जा सोडून रडली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला कळलं होतं की नाही, देव जाणे.

"रडू नकोस गं," ती म्हणत होती. "जाऊ या आपण तिच्याकडे. लांब आहे का फार? बस जाते ना तिथे?"